नागपूरचा रेसिडेंट जेनकिन्स: वकील म्हणून आला अन् राज्य कसं ताब्यात घेतलं? माहिती पाहिजे

वर्धाकाठ

राम राम मंडळी. मी आर्वी तालुक्यातला, नदीकाठच्या गावचा. आमच्या वाचनालयात दर महिन्याले गावातला एक जण इतिहासावर बोलते, पुढच्या खेपेले माही पाळी हाय अन् मी विषय घेतला नागपूरकर भोसल्यायचं राज्य कसं गेलं. वाचाले बसलो त जिकडे पाहा तिकडे एकच नाव, रिचर्ड जेनकिन्स. १८१६ च्या तहात जेनकिन्स, सीताबर्डीच्या टेकडीवर जेनकिन्स, आप्पासाहेब भोसल्याले कैद केलं त हुकूम जेनकिन्सचा, लहान पोराले गादीवर बसवलं तेव्हाही पुढं हाच, अन् मंग वर्षानुवर्षं साऱ्या राज्याचा हिशेब याच्याच हाती. पण हा ना सेनापती, ना गव्हर्नर, ना कलेक्टर. हुद्दा रेसिडेंट, म्हणजे दरबारात ठेवलेला कंपनीचा वकील. वकिलाच्या हाती राज्य कसं काय आलं हे मले लोकायले नीट समजावून सांगाचं हाय, नाहीतर तेच ते होते, इंग्रज आले, फूट पाडली, राज्य घेतलं, अन् ऐकणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही.

हा कुठचा, कोणत्या वयात आला, नागपुरात किती वर्षं होता, अन् आमच्यासारख्या खेड्यायले त्याच्या कारभाराचा काय फरक पडला, जेवढं माहीत असन तेवढं सांगा. आखीन एक, गावात एक पडकी गढी हाय, म्हातारे म्हणतात पेंढाऱ्यायच्या भेवानं बांधली होती, ते याच काळातलं का?

जुनी_गढी

भाऊ, विषय लय चांगला घेतला. माझं मत आधीच सांगून टाकतो, नागपूरचं राज्य सीताबर्डीच्या लढाईत गेलं असं आपण सगळे शिकलो पण ते त्याच्या दीड वर्ष आधीच गेलं होतं, मे १८१६ मध्ये, एका रात्री, कागदावर. आणि तो कागद मिळवायसाठी जेनकिन्स नऊ वर्षं नागपुरात बसून होता.

जन्म १७८५ चा, इंग्लंडातल्या श्रॉपशायर भागातला. विशीच्या आतच कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला आणि कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकला, तिथं कंपनीच्या पोरांना फारसी, हिंदुस्तानी वगैरे भाषा पक्क्या करून घेत कारण दरबारातला पत्रव्यवहार फारसीत चालायचा. मग त्याला दौलतराव शिंद्याच्या दरबारात रेसिडेंटच्या हाताखाली पाठवलं. तिथला रेसिडेंट वेब १८०४ च्या शेवटी वारला आणि सारा भार या पोरावर आला, वय अवघं १९. त्यात १८०५ च्या जानेवारीत शिंद्याच्या लष्करातल्या पेंढाऱ्यांनी रेसिडेंटचाच तळ लुटला, शिंद्याचा सासरा सर्जेराव घाटगे याची फूस होती म्हणतात, आणि शिंदे याला सोडायला तयार नाही, म्हणजे वकील म्हणून गेला आणि कित्येक महिने लष्करासोबत कैद्यासारखा फिरला. मला वाटते दरबार म्हणजे काय, कोण कोणाच्या कानाला लागते, राजा बोलते एक आणि त्याचे सरदार करतात दुसरं, हे सगळं तो तिथंच शिकला.

१८०७ ला तो नागपुरात आला, आधी कामचलाऊ म्हणून आणि १८१० पासून कायम. वय २२. समोर दुसरे रघूजी भोसले, वयानं मोठे, हातातून अर्धं राज्य गेलेलं, इंग्रजांवर मनापासून राग असलेले. कंपनीला पाहिजे होता तैनाती फौजेचा तह, म्हणजे फौज आमची ठेवा, पगार तुम्ही द्या, आणि बाहेरच्या कोणाशी आमच्याशिवाय बोलायचं नाही. रघूजीनं शेवटपर्यंत होकार दिला नाही. १८०९ मध्ये पठाण सरदार अमीरखान चालून आला, कंपनीनं तह नसतानाही मदतीला फौज पाठवली, तरी नाही. १८११ मध्ये पेंढारी नागपूरपर्यंत आले आणि शहराबाहेरच्या वस्त्या जाळल्या, तरी नाही. या हट्टासाठी रघूजीला मी मानतो.

तुमच्या गढीचं उत्तरही इथंच आहे. नागपूर मुलखातल्या गावोगावच्या मातीच्या गढ्या बऱ्याचशा याच पेंढारी धामधुमीच्या वर्षांत बांधल्या गेल्या, गाडगे-मडके-धान्य-गुरं घेऊन सारं गाव आत शिरायचं. तुमची नेमकी कोणत्या सालची ते गावच्या जुन्या कागदावरून पाहावं लागेल पण म्हातारे सांगतात ते काळाशी जुळते.

२२ मार्च १८१६ ला रघूजी गेले. मुलगा परसोजी, तब्येतीनं आणि बुद्धीनं अधू, राज्य चालवणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. कारभार कोणी पाहायचा यावर दोन तट पडले, एकीकडे रघूजीची राणी बाकाबाई आणि धर्माजी भोसले, दुसरीकडे चुलतभाऊ आप्पासाहेब. आप्पासाहेबानं एप्रिलमध्ये धर्माजीला धरलं, पण गादीजवळ आपण टिकू का याचा भरोसा नाही, म्हणून पाठीशी कोणीतरी पाहिजे. नऊ वर्षं वाट पाहत बसलेला माणूस दारातच होता.

२७ मे १८१६ च्या रात्री तह झाला. आप्पासाहेबाकडून बोलणी करणारे नागोपंत आणि नारायण पंडित. सगळं गुपचूप, वाड्यातल्या दुसऱ्या तटाला पत्ता लागू नये म्हणून, आणि काही दिवस ते तसंच लपवून ठेवलं. पायदळाच्या सहा पलटणी आणि घोडदळाची एक रेजिमेंट कंपनीची, खर्च साडेसात लाख रुपये दरसाल भोसल्यांचा, वर भोसल्यांनी स्वतःचीही फौज इंग्रजांच्या दिमतीला ठेवायची. दोन भावांत वावराची वाटणी अडली आणि मध्यस्थाला घरात घेतलं की शेवटी धुऱ्यावर मध्यस्थच उभा राहते, तसं झालं. यात जेनकिन्सनं एक गोळी झाडली नाही. तुमच्या लोकांना ही रात्र सांगा, बाकीचं सगळं त्याच्यातूनच निघते.

मेळघाटवाला

जुनी_गढी दादानं बरोबर सांगितलं पण भाऊ तुमी सुरुवात १८०३ पासून करा, नाहीतर रेसिडेंट आलाच काहून हे समजणार नाही. अन् ते सारं आमच्या भागात घडलं. २९ नोव्हेंबर १८०३ ला भोसल्यायची इंग्रजायसंग अडगावची लढाई (आता अकोला जिल्ह्यात), १५ डिसेंबरला गाविलगड पडला, अन् दोनच दिवसांनी १७ डिसेंबरला देवगावचा तह, हे देवगाव अचलपूरच्या बाजूचं. या तहानं कटक गेलं, अन् वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड गेलं, ते पुढं निजामाले दिलं. गाविलगड अन् नरनाळा तेवढे दोन किल्ले आजूबाजूच्या चार लाखाच्या मुलखासकट भोसल्याकडे राहिले. तुमी नदीकाठचे आहात त हे गावात आवर्जून सांगा का १८०३ नंतर तुमचा काठ भोसल्यायचा होता अन् पलीकडचा निजामाचा, पलीकडे पोरगी दिली त दुसऱ्या राज्यात दिली.

त्याच तहात कलम होतं का दोघायनं एकमेकायच्या दरबारी वकील ठेवाचे. पहिला आला तो माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, हा गाविलगडाच्या वेळी इंग्रज सेनापती वेलस्लीसोबतच होता, तोपर्यंत वय २४. म्हणजे ज्यानं किल्ला पडताना पाह्यला त्यालेच नागपूरच्या दरबारात पाठवलं. १८०४ पासून १८०८ पर्यंत तो नागपूरचा रेसिडेंट होता, मंग त्याले काबूलच्या शहा शुजाकडे पाठवलं अन् १८०९ मध्ये पेशावरात त्याची भेट झाली, पुढं तो पुण्याचा रेसिडेंट, मंग मुंबईचा गव्हर्नर. लोक एल्फिन्स्टन म्हटलं का मुंबई-पुणंच पाहतात पण त्याची रेसिडेंटगिरी सुरू झाली ती आपल्या विदर्भात.

दोघायची जोड लावून पाहा. पुण्यात एल्फिन्स्टन अन् नागपुरात जेनकिन्स, दोघेही दरबारातली भांडणं वर्षानुवर्षं लिहून ठेवणारे, दोघायचे मुनशी, हरकारे, बातमीदार सगळीकडे पेरलेले. नोव्हेंबर १८१७ मध्ये पुण्यात ५ तारखेले खडकीची लढाई झाली अन् एल्फिन्स्टनची रेसिडेन्सी (रेसिडेंटची कोठी) जळाली, तीन आठवड्यात तीच वेळ जेनकिन्सवर आली. हा योगायोग नव्हता, पेशवा दुसरा बाजीराव अन् आप्पासाहेब आतून बोलून राहिले होते अन् दोन्ही रेसिडेंट एकमेकाले पत्रं लिहून राहिले होते.

अभ्यासिका_यवतमाळ

खूप छान माहिती मिळतेय. मी एमपीएससीची तयारी करतेय म्हणून विचारते, जुनी_गढी सर, तह करणारा आप्पासाहेबच ना, मग त्यानंच दीड वर्षात लढाई का केली? आणि लढाईच्या वेळी जेनकिन्स स्वतः टेकडीवर होता हे खरं का? आमच्या नोट्समध्ये फक्त सीताबर्डी, २६-२७ नोव्हेंबर १८१७ एवढंच आहे.

जुनी_गढी

ताई, खरं आहे, तो तिथं होता. आणि का लढला ते समजायला मधलं वर्ष पाहा. १ फेब्रुवारी १८१७ ला परसोजी बिछान्यात मेलेला सापडला. आप्पासाहेब तेव्हा नागपुरात नव्हता, चांद्याकडे (आताचं चंद्रपूर) गेला होता. मृत्यू आजारानं झाला असं जाहीर झालं, जेनकिन्सच्या कानावर कुजबुज आली पण कंपनीनं आप्पासाहेबाला राजा म्हणून मान्य केलं. आता तो स्वतः राजा झाला, म्हणजे ज्या भीतीपोटी इंग्रजांना बोलावलं ती भीती संपली आणि साडेसात लाखाचा खर्च आणि छातीवर बसलेली फौज तेवढी उरली. त्यात पुण्याहून बाजीरावाचे निरोप.

खडकीची बातमी आल्यानंतरचा नागपुरातला एकेक दिवस पाहण्यासारखा आहे. पेशव्यानं आप्पासाहेबाला खिलत (मानाचा पोशाख), जरीपटका आणि सेनापतीचा किताब पाठवला. २४ नोव्हेंबरला ते स्वीकारायचा समारंभ ठेवला आणि जेनकिन्सलाही आमंत्रण दिलं. जो पेशवा कंपनीशी लढून राहिला त्याच्या हातचा मान घ्यायचा आणि कंपनीच्या वकिलानं पुढं बसून पाहायचं. जेनकिन्सनं जायला नकार दिला, हरकत कळवली, आणि आप्पासाहेबानं तो मान लष्करासमोर घेतला. दुसऱ्या दिवसापासून रेसिडेन्सीजवळचा बाजार खाली व्हायला लागला, लोक बायकापोरं घेऊन निघाले. तेलंगखेडीच्या तळावरची पलटण सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर आणली, रेसिडेन्सी टेकडीच्या पायथ्याशी पश्चिमेला.

२६ ला संध्याकाळी गोळीबार सुरू झाला तो रात्रभर चालला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. इंग्रजांकडे हजार-दीड हजार माणूस, भोसल्यांकडे त्याच्या कितीतरी पट, आणि खरे झुंजले ते भोसल्यांच्या नोकरीतले अरब. सकाळी त्यांनी लहान टेकडी घेतली, तिथली तोफ फिरवून मोठ्या टेकडीवर मारा केला, त्या वेळी लढाई इंग्रजांच्या हातून गेल्यातच जमा होती. कॅप्टन फिट्झेराल्डनं घोडदळ घेऊन मैदानात हल्ला केला आणि इकडे अरबांच्या मधोमध दारूगोळ्याची गाडी उडाली, त्या गोंधळात पलटणीनं टेकडी परत घेतली. कंपनीचे मेलेले-जखमी मिळून साडेतीनशेच्या वर. जेनकिन्सचा सहायक जॉर्ज सोदबी तिथंच मेला.

यानंतरचं वागणं पाहा. लढाई संपते त्याच दिवशी आप्पासाहेबाचा निरोप येते की हे माझ्या हुकुमाशिवाय झालं. जेनकिन्सला ते खरं वाटलं असेल असं मला नाही वाटत पण त्यानं बोलणी तोडली नाही, कारण त्याला वेळ पाहिजे होता. फौज मागे घ्या म्हणाला आणि कुमकेची वाट पाहत बसला. १२ डिसेंबरला इंग्रज सेनापती डव्हटनची फौज पोचली आणि मग मुदत घालून अटी पाठवल्या. १६ डिसेंबरला आप्पासाहेब स्वतः रेसिडेन्सीत येऊन बसला. अरब मात्र ऐकले नाही, तोफा ताब्यात द्यायच्या वेळीच लढाई पेटली, आणि पुढे शहरात शिरून ते महालात अडून बसले. २४ ला जुम्मा दरवाज्यावर इंग्रजांनी हल्ला केला तो फसला. आज गांधी गेट म्हणतात तोच हा दरवाजा. महिनाअखेर अटी ठरवून अरब बाहेर पडले. राजा शरण गेला तरी दोन आठवडे त्याचे अरब लढून राहिले, हे अभ्यासक्रमात येत नाही याचं मला वाईट वाटते.

चांदागड

सगळं बरोबर आहे पण एक गोष्ट मला खटकून राहिली. या धाग्यात जेनकिन्स लयच मोठा होऊन राहिला, जसं काही त्यानं एकट्यानं डोकं चालवलं आणि राज्य गेलं. लढणाऱ्यांचं पण बोला. आणि नागपूरच्या बाहेर पण या.

६ जानेवारी १८१८ ला तह झाला आणि आप्पासाहेबाला परत वाड्यात पाठवलं. अटी काय होत्या, तर वऱ्हाडातला उरलेला भाग, नर्मदेकडचा मुलूख, सीताबर्डीच्या टेकड्या, सगळं कंपनीला, आणि दिवाण कोण ठेवायचा ते रेसिडेंट सांगणार. अशा राजानं काय करायचं होतं? त्यानं बाजीरावाशी परत बोलणं सुरू केलं. बाजीराव पळत पळत इकडेच यायला निघाला होता, चांद्याच्या दिशेनं, म्हणजे आमच्याकडे. ती भेट झाली असती तर काय झालं असतं ते आता बोलण्यात अर्थ नाही, पण जेनकिन्सला याची भीती होती हे नक्की, म्हणूनच १५ मार्चला आप्पासाहेबाला धरलं. १७ एप्रिलला पांढरकवड्याजवळ शिवणीला कर्नल अॅडम्सनं बाजीरावाला गाठलं आणि तो मागे फिरला. अभ्यासिका_यवतमाळ ताई, हे तुमच्या जिल्ह्यातलं आहे.

मग तीच फौज चांद्यावर आली. राजा कैदेत, पेशवा पळालेला, मदत यायची शक्यता नाही, तरी चांद्याचा किल्लेदार गंगासिंग यानं दरवाजा उघडला नाही. २० मे १८१८ ला तोफांनी भिंत पाडून आत शिरले आणि गंगासिंग लढता लढता मेला. चंद्रपूरचा परकोट आजही उभा आहे, कधी आलात तर पाहा, केवढा पल्ला आहे त्याचा. माझी एवढीच विनंती की वाचनालयात बोलताना जेनकिन्सला अर्धा तास दिला तर गंगासिंगाला पाच मिनिटं तरी द्या.

जुनी_गढी

चांदागड भाऊ, मान्य आहे, आणि पाच नाही दहा मिनिटं द्यावी. पण जेनकिन्सला समजून घेणं म्हणजे त्याला मोठं करणं नाही. तुम्ही ६ जानेवारीचं सांगितलं त्यातच त्याचा एक निर्णय दडलेला आहे. गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जच्या मनात आप्पासाहेबाला परत बसवायचं नव्हतंच. पण तसे हुकूम नागपूरला पोचेपर्यंत जेनकिन्सनं आपल्या अधिकारात बोलणी पक्की केली होती आणि वरच्यांना ती मान्य करावी लागली. कलकत्त्याहून उत्तर यायला इतका वेळ लागायचा की मधल्या काळात जागेवरचा माणूसच सरकार असायचा. वकिलाच्या हाती राज्य कसं आलं, हा जो मूळ प्रश्न आहे त्याचं अर्धं उत्तर हेच.

अटक झाल्यावर परसोजीच्या मृत्यूची चौकशी पुढं आणली, खून झाला आणि तो आप्पासाहेबानं करवला असा पुरावा मांडला. आता विचार करा, कुजबुज फेब्रुवारी १८१७ पासून होती. तेव्हा राजा कामाचा होता म्हणून चौकशी नाही, आता नकोसा झाला म्हणून चौकशी. आप्पासाहेबानं खून करवला नसेल असं मी म्हणत नाही, पण हे टायमिंग मला जेनकिन्सच्या साऱ्या कारकिर्दीतलं सगळ्यात वाईट पान वाटते.

गोंडवन

मी छिंदवाडा सीमेकडचा, नागपूर जिल्ह्याच्या वरच्या टोकाचा. पुढचं आमच्या डोंगरातलं आहे म्हणून लिहितो.

आप्पासाहेबाला अलाहाबादला नेत होते. रस्त्यात जबलपूरच्या बाजूला रायचूर नावाच्या मुक्कामी, १३ मे १८१८ च्या रात्री, पहाऱ्यावरचे काही शिपाई फितवून, शिपायाचाच वेश करून तो निसटला आणि ते शिपाईही त्याच्यासोबत गेले. तिथून तो महादेवाच्या डोंगरात आला, पचमढीच्या बाजूला, आणि त्याला ठेवून घेतलं गोंडांनी. हर्रईचा गोंड जहागीरदार चैनशाह त्याच्या बाजूनं उभा राहिला. ज्या भोसल्यांनी देवगडचं गोंड राज्य खाल्लं त्याच घरच्या राजाला गोंडांनी आसरा दिला, याचा मला अभिमान वाटते आणि तो वाटायलाच पाहिजे. जेनकिन्सकडे फौज होती, पैसा होता, बक्षीस लावलं, सारा पावसाळा गेला, हिवाळा गेला, पण तो त्या डोंगरातून हाती आला नाही. फेब्रुवारी १८१९ मध्ये तो आपल्या पायानं असीरगडाकडे निघून गेला, किल्ला एप्रिलमध्ये पडला तेव्हा तिथंही सापडला नाही. पुढे लाहोर, मंडी, आणि शेवटी जोधपूर. जोधपूरच्या मानसिंगानं त्याला इंग्रजांच्या हवाली करायला नकार दिला आणि तो १८४० मध्ये तिथंच वारला.

रेसिडेंटचं सारं बळ दरबारात होतं. कोण कोणावर नाराज आहे, कोणाला पैसे पाहिजे, कोणाचं पत्र कुठं धरायचं, यात जेनकिन्सचा हात कोणी धरला नसता. डोंगरातल्या पाड्यावर त्याचे मुनशी काय करणार होते?

वर्धाकाठ

वा रे वा मंडळी, एवढं भेटन असं वाटलं नव्हतं. गंगासिंग अन् चैनशाह, दोघायवरही नक्की बोलतो. आता शेवटचं राह्यलं, ते आठ वर्षं कारभाराचं. राजा लहान होता म्हणून जेनकिन्स पाहत होता एवढं समजलं, पण पाहत होता म्हणजे काय करत होता? पाटील, पट्टी, सारा, हे बदललं का? अन् नंतर त्याचं काय झालं?

जुनी_गढी

जून १८१८ मध्ये दुसऱ्या रघूजीच्या मुलीचा मुलगा बाजीबा, वय नऊ-दहा, याला परसोजीच्या विधवेच्या मांडीवर दत्तक देऊन गादीवर बसवलं, नाव तिसरे रघूजी. वाड्याचा मान बाकाबाईकडे, म्हणजे १८१६ मध्ये जिचा तट हरला तीच आता जेनकिन्ससोबत. राज्याचा कारभार मात्र रेसिडेंटनं हाती घेतला. देवगड घाटावरचं, देवगड घाटाखालचं, वैनगंगा, चांदा आणि छत्तीसगड असे जिल्हे पाडले आणि हरेक ठिकाणी एक इंग्रज अधिकारी सुपरिंटेंडेंट म्हणून बसवला, बहुतेक सगळे लष्करातले कॅप्टन-मेजर. छत्तीसगडचं ठाणं रतनपूरहून रायपूरला आलं ते याच वेळी.

गावात काय झालं विचारता, तर वरून पाहिलं तर फारसं काही नाही, आणि तेच त्याचं धोरण होतं. पाटील मोडला नाही. सारावसुली पाटलामार्फतच, जुन्या चालीरीती होता होईल तो तशाच ठेवायच्या, नवे कायदे आणायचे नाही, फक्त हिशेब वर साहेबाला द्यायचा आणि मधल्या मध्ये खाणाऱ्यांवर नजर ठेवायची. पेंढाऱ्यांचा बंदोबस्त १८१८ च्या मोहिमेत झालाच होता, त्यामुळे लोकांना उभं पीक घरी येण्याची खात्री वाटायला लागली, हे नाकारता येत नाही. तुमच्या गढीत रात्री गुरं हाकायची गरज कदाचित याच वर्षांत संपली असेल. पण पैसा कुठं जात होता तेही सांगा, राज्याच्या उत्पन्नातून आधी कंपनीच्या फौजेचा खर्च निघायचा. इंग्रजांनी शांतता आणली असं कोणी म्हटलं तर तिचा पगार आपल्या वावरातून गेला एवढं पुढं जोडायचं.

१ डिसेंबर १८२६ ला नवा तह झाला, रघूजी मोठा झाला होता, काही भाग त्याच्या हाती दिला आणि बाकीचे जिल्हे आणखी तीन-चार वर्षांनी. लगेच जेनकिन्स नागपूर सोडून गेला. मधली रजा वगैरे सोडली तर २० वर्षं, २२ चा आला आणि चाळिशी ओलांडून गेला. १८२७ मध्ये त्याचा नागपूर मुलखाचा रिपोर्ट कलकत्त्यात छापला गेला. वेळ काढून वाचा. नद्या, जमिनीच्या जाती, कोणतं पीक कुठं, कोणत्या जाती काय धंदा करतात, विणकर, बाजार, पट्ट्या, वाड्यातली खाती, सगळं आहे. नागपूर मुलखावर पुढे जे गॅझेटियर झाले त्यांना याचा आधार आहे. छत्तीसगडातल्या जुन्या देवळांवरही त्यानं लिहिलं. पण वाचताना हेही ध्यानात ठेवा की माणूस हे वसुलीसाठी लिहून राहिला, शेतकरी त्यात सारा देणारा म्हणून येते, त्याचं दुखणं-खुपणं त्यात शोधू नका.

इंग्लंडात परत गेल्यावर तो श्रूझबरीचा खासदार झाला दोनदा, कंपनीचा डायरेक्टर, १८३८ मध्ये सर झाला, १८३९ मध्ये कंपनीचा चेअरमन. म्हणजे नागपूरच्या वाड्यात राजा कोण हे ठरवणारा माणूस शेवटी अख्ख्या कंपनीच्या डोक्यावर जाऊन बसला. तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ ला वारले, वारस नाही, आणि १८५४ मध्ये डलहौसीनं राज्य खालसा केलं. जेनकिन्स रघूजी गेले त्याच महिन्यात, ३० डिसेंबर १८५३ ला, तिकडे वारला. त्यानं बसवलेला राजा आणि तो स्वतः, तीन आठवड्यांच्या फरकानं. बाकाबाई मात्र दोघांच्याही मागे राहिली, १८५८ पर्यंत, आणि हत्ती-घोडे, दागिने लिलावात निघाले ते त्या बाईला पाहावं लागलं.

मेळघाटवाला

भाऊ, एक सुचवतो. नकाशा लटकवा मागं. वर्धा नदी निळ्या रंगानं जाड काढा, अन् देवगाव, नागपूर, पांढरकवडा, चांदा, महादेवाचे डोंगर एवढ्या पाच ठिकाणी टिकल्या लावा. आपल्या लोकायले ही गावं पायाखालची हायेत, नाव घेतलं का कोणी ना कोणी म्हणनच, माही सासुरवाडी तिकडचीच.

वर्धाकाठ

नकाशा शाळेतून आणतो. बोलण्याची सुरुवात २७ मे १८१६ च्या रात्रीपासून करीन, मंग मागं १८०३ ले जाईन अन् तिथून पुढं चांद्यापर्यंत. रिपोर्टमधली आर्वी-आष्टीकडची काही माहिती कोणापाशी असन त याच धाग्यावर टाकजा, मी रोज पाहतो.